परत फिरण्याची सोय

लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याचं बरंचसं लेखन आदल्या वर्षी सिंहगडावरच्या मुक्कामात झालं होतं. आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं, हा त्यांचा सिद्धान्त आज अभ्यासक मान्य करत नाहीत. तो वाद आपण बाजूला ठेवू. पण महिनोन्महिने चालणारी रात्र, रेंगाळणारी पहाट, दक्षिणेच्या क्षितिजावर वर येणारा सूर्य, या सगळ्याचं वर्णन टिळकांनी तो प्रदेश डोळ्यांनी न पाहता, निव्वळ अभ्यासाच्या बळावर केलं. प्रवासाला निघण्यापूर्वी जागा नीट समजून घ्यावी, ही शिकवण पुणेकराला त्यातून सहज घेता येते.

आज मला बोलायचं आहे ते अशाच एका प्रवासाच्या तयारीविषयी. आम्ही पाच जण येत्या मार्चमध्ये नॉर्वेच्या अगदी उत्तरेच्या किनाऱ्यावर स्कीइंगसाठी जाणार आहोत. आमच्यात सर्वांत तरुण माझी पत्नी, वय चौपन्न. बाकीचे साठीच्या आगेमागे. दर रविवारी सिंहगड चढणारी ही मंडळी. घरी बातमी कळली तेव्हा पहिला प्रश्न आला, “या वयात?” दुसरा आला, “केवढ्याला पडणार?” तिसरा, खरा महत्त्वाचा प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही. तो आम्हाला तयारी करता करता सापडला. त्याकडे मी येणारच आहे.

आधी प्रदेशाची ओळख करून घेऊ. नकाशात नॉर्वे हा देश एखाद्या लांबट पळीसारखा दिसतो. त्याच्या वरच्या टोकाला ट्रॉम्सो नावाचं शहर एका बेटावर वसलेलं आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर, तर ट्रॉम्सो जवळजवळ सत्तर अक्षांशावर. उत्तर ध्रुववृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला. एवढ्या उत्तरेला समुद्र गोठलेला असेल असं आपल्याला वाटतं. पण अटलांटिक महासागरातून येणारा उबदार प्रवाह या किनाऱ्याला लागून जातो, त्यामुळे तिथली बंदरं बाराही महिने उघडी राहतात. जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याखाली चारेक अंश. आपल्या गुलमर्गला हिवाळ्याच्या रात्री याहून कितीतरी जास्त गारठा असतो. मात्र समुद्राजवळची हवा दमट, वारा बोचरा आणि बर्फ अमाप. २९ एप्रिल १९९७ रोजी ट्रॉम्सोत जमिनीवर २४० सेंटिमीटर बर्फ मोजला गेला होता. म्हणजे आपल्याकडे वैशाख वणवा पेटलेला असतो, त्या सुमारास तिथे पुरुषभर उंचीहून अधिक बर्फ!

या किनाऱ्याचं वैशिष्ट्य असं की डोंगर थेट समुद्रातून वर येतात. ट्रॉम्सोच्या पूर्वेला ल्युंगेन नावाचं द्वीपकल्प आहे. तिथलं सर्वोच्च शिखर येह्क्केवारी हे सुमारे १,८३० मीटर उंच आहे. ऐकायला फार नाही. आपल्या कळसूबाईहून दोनशे मीटरच काय ते जास्त. पण कळसूबाईचा पायथा मुळातच समुद्रसपाटीपासून बराच वर आहे. ल्युंगेनमध्ये चढाई सुरू होते ती किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांपासून. वर चढायचं आणि बर्फावरून घसरत थेट फियोर्डच्या, म्हणजे समुद्राच्या आत शिरलेल्या चिंचोळ्या पट्ट्याच्या, काठाशी येऊन थांबायचं. जगभरातले हौशी लोक याच एका अनुभवासाठी तिथे जातात. विरळ हवेचा त्रास नाही, हाही फायदा.

आमच्या या बेताला निमित्त झालं माझ्या भाचीचं. ती नोकरीनिमित्त काही वर्षांपासून ट्रॉम्सोत आहे. पण खरा ध्यास आमच्यातल्या एका मित्राचा. तो निवृत्त शिक्षक. त्याने आणि त्याच्या पत्नीने मिळून पोस्टात एक आवर्ती ठेव सुरू केली होती, एकदा तरी उत्तरेचा बर्फ आणि समुद्र एकत्र बघायचा म्हणून. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. ठेवीची मुदत पूर्ण झाली तेव्हा तो पासबुक घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आता मी एकटा जाऊन काय करू? तुम्ही येता का?” नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

मग प्रश्न आला, कधी जायचं? नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोत सूर्य उगवतच नाही. दुपारी तासन्तास निळसर संधिप्रकाश असतो, एवढंच. भोवतालच्या डोंगरांमुळे शहरात सूर्याचं दर्शन होतं ते साधारण २१ जानेवारीला. त्या दिवशी तिथले लोक गोड पाव खाऊन सूर्याचं स्वागत करतात. आपल्या संक्रांतीनंतर आठवड्याभरात येणारा हा त्यांचा सण. मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास उलटा प्रकार सुरू होतो आणि पुढचे दोन महिने सूर्य मावळत नाही. या दोन टोकांच्या मधला काळ स्कीइंगला उत्तम. मार्चच्या वीस-एकवीस तारखेला पुण्यात आणि ट्रॉम्सोत दिवस जवळजवळ सारखाच, बारा तासांचा. फरक इतकाच की भरदुपारी पुण्यातला सूर्य क्षितिजापासून एकाहत्तर अंशांवर असतो आणि तिथला जेमतेम वीस अंशांवर. म्हणजे दिवसभर आपल्या संध्याकाळसारखं तिरपं ऊन. मार्चअखेरपर्यंत रात्री पुरेशा काळोख्या असतात, त्यामुळे आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. एप्रिलमध्ये दिवस मोठा होतो, पण ध्रुवीय प्रकाश हळूहळू हातचा जातो. आम्ही मार्च ठरवला. ईस्टरचा आठवडा मात्र टाळला. तेव्हा अख्खा नॉर्वे डोंगरात जातो, खोल्या मिळत नाहीत आणि दुकानं ओळीनं बंद असतात.

आता स्कीइंगविषयी. आपल्याकडे हिंदी सिनेमा पाहून एकच चित्र डोळ्यांसमोर येतं: रंगीत कोट घालून उतारावरून सुसाट खाली येणारा नायक. प्रत्यक्षात याचे तीन स्वतंत्र प्रकार आहेत, आणि बेत आखण्याआधी ते समजून घेतलेच पाहिजेत. पहिला, आखीव उतारांवरचा. यात यंत्राने वर जायचं आणि घसरत खाली यायचं. टाच पट्टीला पक्की अडकवलेली असते. दुसरा, सपाट किंवा किंचित चढउताराच्या वाटेवरचा. यात पट्ट्या अरुंद आणि हलक्या, टाच मोकळी. बर्फात आखलेल्या दोन चरांतून सरकत चालायचं. तिसरा म्हणजे डोंगरभटकंतीचा. पट्टीच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, वर पट्टा काढायचा आणि अस्पर्श बर्फावरून खाली यायचं. ल्युंगेनची कीर्ती आहे ती या तिसऱ्या प्रकारासाठी. तो सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोक्याचाही.

‘स्की’ हा शब्दच मुळी तिथला. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ फाडलेल्या लाकडाची पट्टी. हिवाळ्यात शेजारच्या घरी जायचं तरी हेच वाहन असे. नॉर्वेच्या दक्षिणेकडच्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नॉरहाइम नावाच्या गरीब कुळाने टाच बांधायची नवी पद्धत वापरून १८६८ साली राजधानीतल्या स्पर्धेत सगळ्यांना थक्क केलं, आणि गरजेची गोष्ट खेळ बनली. वीस वर्षांनी, १८८८ मध्ये, फ्रिट्यॉफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं. १४ डिसेंबर १९११ रोजी रोआल्ड आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला, त्यातही स्की आणि कुत्र्यांच्या गाड्यांचा वाटा मोठा होता. हाच आमुंडसेन जून १९२८ मध्ये ट्रॉम्सोहून विमानाने एका हरवलेल्या मोहिमेच्या शोधात निघाला आणि पुन्हा कधीच दिसला नाही. त्याचा पुतळा ट्रॉम्सोच्या बंदराजवळ उभा आहे. उभ्या आयुष्यात बर्फाशी चतुराईने वागलेला माणूसही उत्तरेने परत दिला नाही, हे जाताना लक्षात ठेवावं.

तिकडे जाऊन पहिला धडा गिरवण्यापेक्षा इथेच शिकून जावं, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. महाराष्ट्रात बर्फ नसला तरी देशात सोयी आहेत. गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, उत्तराखंडात औलीचे उतार आहेत. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांमधले स्कीइंगचे सामने तिथेच झाले होते. सरकारी संस्थांच्या वर्गांना वयाची अट असते, त्यामुळे आमच्यासारख्यांनी खासगी प्रशिक्षक घ्यावा. आम्ही गुलमर्गला आठ दिवस राहिलो. पहिले दोन दिवस फक्त पडायचं कसं आणि उठायचं कसं, एवढंच शिकलो. तिसऱ्या दिवशी थांबता येऊ लागलं. आमचा काश्मिरी प्रशिक्षक म्हणायचा, “साहब, चलना तो पहाड़ सिखा देता है, रुकना मैं सिखाऊँगा.” घोटे, गुडघे आणि मांड्या यांची खरी परीक्षा होते. म्हणून घरी जिने चढणं-उतरणं, भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं आणि एका पायावर तोल सांभाळणं, हा व्यायाम आम्ही सहा महिने रोज करत आहोत.

या तयारीच्या भरातच तो तिसरा प्रश्न समोर आला. भाचीशी फोनवर बोलताना मित्राने उत्साहात ल्युंगेनमधल्या एका शिखराचं नाव घेतलं. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, “मामा, काकांना सांगा, वर जायचं की नाही ते नंतर बघू. आधी ठरवा, ‘आता परत फिरा’ असं कुणी म्हणायचं, आणि त्याचं सगळे ऐकणार का?”

हिमस्खलन हा तिथला खरा धोका. साधारण तीस अंशांपेक्षा तीव्र उतारावर साठलेल्या बर्फाचा थर निसटतो आणि वाटेतलं सगळं घेऊन खाली येतो. माणसं सापडतात त्या बहुतेक अपघातांत हा थर निसटतो तो त्याच माणसांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनाने. १९ मार्च २०१२ रोजी ट्रॉम्सोच्या पूर्वेला कोफियोर्ड भागात पाच परदेशी पर्यटक असेच गेले. २ जानेवारी २०१९ रोजी तामोक खोऱ्यात फिनलंडचे तीन आणि स्वीडनची एक असे चौघे तरुण गाडले गेले. हवामान इतकं वाईट होतं की शोधसुद्धा वारंवार थांबवावा लागला. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर आशा असते, पुढे ती झपाट्याने मावळते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर पोहोचत नाही. वाचवू शकतात ते सोबतचेच लोक. म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात: संदेश देणारं-घेणारं छोटं यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं. आणि त्या वापरायचा सराव हवा.

२०१३ सालापासून नॉर्वेचं सरकार हिमस्खलनाच्या धोक्याचा रोजचा इशारा प्रसिद्ध करतं. एक ते पाच असे त्याचे आकडे. आपण शाळेपासून गुणपत्रिका वाचत आल्यामुळे तीन म्हणजे ‘मध्यम, चालेल’ असं वाटतं. तिथेच फसगत होते. चार आणि पाचला लोक बाहेरच पडत नाहीत. जीवघेण्या अपघातांतले कितीतरी तीनच्या दिवशीच घडतात.

यावर नॉर्वेच्या लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडला. त्यांच्याकडे डोंगरात वागण्याचे नऊ नियम आहेत. १९५०च्या दशकात ते तयार झाले, १९६७च्या ईस्टरमध्ये डोंगरात अठरा जणांचा बळी गेल्यावर त्यांचा घरोघरी प्रसार झाला आणि २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. सहलीला नेतात त्या एका लोकप्रिय चॉकलेटच्या वेष्टनाच्या आत हे नियम छापलेले असतात. लहानपणापासून चॉकलेट खाता खाता ते पाठ होतात. त्यांतला आठवा नियम सांगतो की वेळेवर परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही.

श्रोतेहो, हे वाचताना मला आपला पावसाळा आठवला. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. एका रविवारी हौसेनं निघालेल्या त्या माणसांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण आपल्याकडे ‘एवढ्या लांब आलोय, आता पाण्यात पाय तरी बुडवू’ ही भावना किती प्रबळ असते, हे आपण सगळे जाणतो. दीड तासाच्या प्रवासानंतर जर असं वाटतं, तर आयुष्यभराची ठेव मोडून, व्हिसा काढून, तीन विमानं बदलून गेल्यावर काय वाटेल? खर्च जितका मोठा, तितकं परत फिरणं अवघड. म्हणून परत फिरण्याची सोय घरी बसूनच, बेताच्या कागदावर करून ठेवायला हवी.

मी हे मित्राला सांगितलं. तो चिडला. म्हणाला, “अरे, मग जायचं तरी कशाला? फोटोच बघू की घरी बसून.” पुढचे दोन रविवार तो सिंहगडावर आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. देवटाक्यापाशी बसलो असताना स्वतःच म्हणाला, “हिला शिखराचं काही नव्हतं रे. तिला समुद्राच्या काठाशी बर्फ बघायचा होता. तो खालूनही दिसतो.” त्यावर कुणी काही बोललं नाही. त्याच संध्याकाळी आम्ही नवा बेत लिहिला.

तो असा. एकूण दहा दिवस. पहिले तीन दिवस ट्रॉम्सो बेटावरच्या आखलेल्या सपाट वाटांवर. तिथे संध्याकाळी दिवेही लागतात. पुढचे दोन दिवस शहराजवळच्या छोट्या उतारावर, प्रशिक्षकासह. मग फेरीबोटीने ल्युंगेनला. तिथे तीन दिवस, आणि त्यांपैकी चढाई एकाच दिवशी. तीही प्रमाणित वाटाड्याबरोबर, मंद उताराच्या टेकडीवर. वाटाड्याला आधीच लेखी कळवलं आहे की आमची वयं ही, आमची कुवत ही, आणि तुमचा शब्द शेवटचा. शेवटचे दोन दिवस पूर्ण मोकळे. हवा बिघडली तर चढाई पुढे ढकलायला. नाहीच जमलं तर रोप-वेने ४२१ मीटरवरच्या स्टूरस्टाइनेनला जाऊन शहर बघायला. आणि पाचांपैकी एकाने जरी ‘मला नको वाटतंय’ म्हटलं, तरी कारण न विचारता सगळ्यांनी परत फिरायचं. या ओळीखाली पाचही जणांनी सह्या केल्या आहेत. माझी पत्नी म्हणाली, “अहो, हा नियम पंचवीस वर्षांपूर्वी केला असता तर कितीतरी सहली सुखाच्या झाल्या असत्या!”

काही व्यवहाराच्या गोष्टी. नॉर्वे शेंगेन गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. तो लवकर करावा. किमान तीस हजार युरोंचा विमा बंधनकारक आहे. पण केवळ आकडा पाहू नका. आखीव वाटेबाहेरचं स्कीइंग आणि आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, ते बारीक अक्षरांतलं वाचा. कपड्यांत सुती काहीही नको. सुती कापड घामाने भिजतं आणि अंगावर गारठतं. आत लोकर, मध्ये उबदार थर, वर वारा अडवणारं जाकीट. माकडटोपीला हसू नये, तिकडेही तिच्या बहिणी सर्रास दिसतात. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात, ओझं नेऊ नये. खाण्यात थालीपिठाची भाजणी, चिवडा, बाकरवडी जरूर न्या. मात्र युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास तिथे बंदी आहे. म्हणजे पेढे, श्रीखंडाच्या गोळ्या, साजूक तूप घरीच ठेवायचं.

आणखी एक गोष्ट. हा प्रदेश रिकामा नाही. तो सामी लोकांचा आहे. रेनडियरचे कळप राखणारा हा समाज. ट्रॉम्सोला त्यांच्या भाषेत रोम्सा म्हणतात. हिवाळ्याच्या अखेरीस हे कळप अशक्त झालेले असतात आणि गाभण मादींची वेळ जवळ आलेली असते. फोटोसाठी त्यांच्या मागे धावलं तर त्यांची उरलीसुरली ताकद खर्च होते. पाहुण्याने लांबूनच पाहावं.

आम्ही अजून गेलेलो नाही. कदाचित ती टेकडी होईल, कदाचित होणार नाही. वाटाड्याने मान हलवली तर आम्ही समुद्राच्या काठाशी बसून भाचीने आणलेला चहा पिऊ, आणि माझा मित्र जे बघायला निघाला आहे, ते तिथूनही दिसेल. तुम्ही लोणावळ्याला जा, हरिश्चंद्रगडावर जा, नाहीतर ध्रुवाकडे जा. निघण्यापूर्वी घरच्यांनी एकत्र बसून एवढं एकच ठरवा, की परत फिरा असं कुणी म्हणायचं. बाकी बेत त्यानंतर.